अर्धा तास बाकी

मंगळवार, १६ नोव्हेंबर २०२१. कॅलिफोर्नियात सकाळचे ९ वाजून ३५ मिनिटं झाली आणि गूगल क्लाउडच्या लोड बॅलन्सरमागची संकेतस्थळं ‘४०४’ हा आकडा दाखवू लागली. कारण चार दिवस आधीच सापडलं होतं. त्यावरची दुरुस्ती जगभर पोचायला अर्ध्या तासाहून कमी वेळ उरला होता.

पुढच्या सगळ्या वेळा कॅलिफोर्नियाच्या आहेत. भारतातलं घड्याळ त्या दिवसांत तिथल्यापेक्षा साडेतेरा तास पुढे असतं.

काही महिने आधी

लोड बॅलन्सरला माहिती पुरवणाऱ्या यंत्रणेत एक बग शिरला. त्याची कुणालाच खबर लागली नाही.

ही माहिती म्हणजे काय, ते आधी पाहायला हवं. ब्राउझर एखादं पान मागतो तेव्हा विनंतीच्या सुरुवातीला काही ओळी पाठवतो. त्यांना हेडर म्हणतात. त्यातल्या ‘होस्ट’ या ओळीत संकेतस्थळाचं नाव असतं. एकाच आयपी पत्त्यावर अनेक संकेतस्थळं राहू शकतात, म्हणून १९९७ साली एचटीटीपी १.१ या नियमावलीने ही ओळ सक्तीची केली.

लोड बॅलन्सर होस्टचं नाव आणि त्यापुढचा मार्ग वाचतो, आपल्याजवळच्या तक्त्यात शोधतो आणि ठरवतो: ही विनंती व्हिडिओच्या सर्व्हरकडे, ती पैसे भरण्याच्या सर्व्हरकडे. एखादा सर्व्हर बंद पडला तर त्याला वगळून दुसऱ्याकडे धाडतो. तक्ता मात्र बरोबर आहे असं गृहीत धरूनच तो चालतो.

ग्राहक बदल करत राहतात, तसा तक्ताही सतत बदलतो. प्रत्येक नवी आवृत्ती अनेक तपासण्यांतून जाते. बग नेमका या वाटेच्या शेवटाजवळ होता. एकाच वेळी चाललेल्या दोन कामांपैकी कोणतं आधी संपेल यावर निकाल ठरायचा. याला रेस कंडिशन म्हणतात. क्रम एका विशिष्ट तऱ्हेने जुळला, तर तपासण्या पार करून आलेली तक्त्याची फाइल त्यानंतर बिघडणार होती.

तसा क्रम महिनोन्‌महिने जुळला नाही.

शुक्रवार, १२ नोव्हेंबर

गूगलच्या एका अभियंत्याला बग सापडला. ग्राहकांची एकही तक्रार नव्हती, एकही संकेतस्थळ बंद नव्हतं. तरीही कंपनीने अंतर्गत पातळीवर उच्च प्राधान्याची घटना जाहीर केली. इशारा मिळाला होता आणि तो गांभीर्याने घेतला गेला होता.

तक्ता पुरवणाऱ्या, म्हणजे कॉन्फिगरेशनच्या, यंत्रणेचा एक भाग गोठवण्यात आला. मुळात दुर्मीळ असलेली शक्यता त्यामुळे आणखी कमी झाली.

मग प्रश्न वेगाचा होता. पॅच, म्हणजे दुरुस्तीचा बदल, त्याच दिवशी तातडीने सगळीकडे चढवायचा, की टप्प्याटप्प्याने? बग कित्येक महिने यंत्रणेत होता आणि तेवढ्या काळात काहीही झालं नव्हतं. घाईत चढवलेला बदल स्वतःच मोठा अपघात घडवू शकतो. २ जुलै २०१९ रोजी क्लाउडफ्लेअरने एक सदोष नियम एकाच वेळी जगभर सोडला होता. त्यांच्या सर्व्हरचे प्रोसेसर त्यात गुंतून पडले आणि २७ मिनिटं असंख्य संकेतस्थळं मिळेनाशी झाली. टप्प्याटप्प्याने जाण्याची शिस्त अशाच अनुभवांतून आलेली आहे.

गूगलने टप्प्यांचा मार्ग निवडला.

शनिवार, १३ नोव्हेंबर

दोन पॅच तयार झाले आणि चाचणीत उतरले.

पॅच ‘ए’ मुळावर होता: रेस कंडिशनच बंद करणारा. पॅच ‘बी’ दुसरी फळी होता. रेस कंडिशन घडलीच, तर बिघडलेली फाइल लोड बॅलन्सरने स्वीकारू नये, यासाठी फाइल घेणाऱ्या प्रोग्रॅममध्ये जादा तपासणी घातली होती.

बिघडलेली फाइल कशी दिसते, हे चाचणीत कळलं होतं. ‘बी’ तशा फाइलीला अडवत होता.

सोमवार, १५ नोव्हेंबर

दोन्ही पॅच चढवायला सुरुवात झाली. एकेक क्लस्टर, म्हणजे सर्व्हरचा एकेक गट, पार पडत होता. दिवस संपेपर्यंत ‘बी’ सगळीकडे पोचला. ‘ए’ अजून वाटेत होता.

मंगळवार, १६ नोव्हेंबर, सकाळी ९ च्या सुमारास

‘ए’ बहुतेक क्लस्टरवर पोचला होता. काही थोडे उरले होते.

९:३५

न पोचलेल्यांपैकी एका क्लस्टरवर रेस कंडिशन घडली. फाइल बिघडली आणि पुढे गेली.

दुसरी फळी जागेवर होती. पण फाइलमधला बिघाड चाचणीत दिसला होता तसा नव्हता, त्याचं रूप वेगळं होतं. ‘बी’ने तो ओळखला नाही. लोड बॅलन्सरने फाइल स्वीकारली.

भारतात तेव्हा रात्रीचे ११ वाजून ५ मिनिटं झाली होती.

स्पॉटिफाय, स्नॅपचॅट, डिस्कॉर्ड, एट्सी. मोठी नावं एकापाठोपाठ एक अडखळू लागली. पडद्यावर गूगलचं ४०४ चं पान येत होतं. हे उत्तर ग्राहकांच्या सर्व्हरकडून आलेलं नव्हतं. विनंत्या दारातूनच परत फिरत होत्या. आतले सर्व्हर सुस्थितीत असले, तरी त्याचा उपयोग नव्हता.

आकडाही दिशाभूल करणारा होता. ५०३ म्हणजे सेवा तूर्त उपलब्ध नाही. ते पाहून बरेच प्रोग्रॅम थोडं थांबून पुन्हा विचारतात. ४०४ म्हणजे मागितलेलं इथे नाहीच; त्यावर सहसा कुणी पुन्हा विचारत नाही.

९:५०

स्वयंचलित अलर्ट अभियंत्यांपर्यंत पोचला. ग्राहकांच्या तक्रारीही त्याच सुमारास येत होत्या. पंधरा मिनिटं गेली होती.

बिघडलेल्या फाइलची दुरुस्ती करत बसण्यापेक्षा चांगली ठरलेली जुनी आवृत्ती परत आणायचं ठरलं.

१०:०४

कॉन्फिगरेशनमधले सगळे बदल थांबवण्यात आले, कारण प्रत्येक नव्या बदलाबरोबर तोच क्रम पुन्हा जुळण्याचा धोका होता. ग्राहकांना आता आपल्या लोड बॅलन्सरमध्ये काहीही बदलता येत नव्हतं.

१०:१०

जुनी आवृत्ती सर्वत्र पोचली आणि तपासून झाली. ४०४ थांबले. पस्तीस मिनिटं झाली होती.

११:२८

पॅच ‘ए’ उरलेल्या क्लस्टरवर पोचला. बदल पुन्हा सुरू झाले. घटना संपली: १ तास ५३ मिनिटं.

या चार दिवसांत निष्काळजीपणा शोधून सापडत नाही. बग वेळेत दिसला, लपवला गेला नाही, दुरुस्ती एका दिवसात तयार झाली. हिशेब दोन ठिकाणी अपुरा पडला.

पहिलं ठिकाण शुक्रवारचं. इतके महिने काही झालं नाही, यावरून शक्यता किती कमी आहे ते मोजता आलं. घडलंच तर ते कुठवर पसरेल, हे त्यातून मोजता येत नाही. सावकाश चढणाऱ्या पॅचशी ज्या बगची शर्यत होती, त्याचा परिणाम टप्प्याटप्प्याने पसरणारा नव्हता. अशा वेळी दुरुस्ती पूर्ण होईपर्यंत बदलच पूर्ण थांबवणं हा पर्याय गैरसोयीचा असतो, तरी तो आधीच तोलून पाहायला हवा. १०:०४ ला तोच वापरावा लागला.

दुसरं ठिकाण शनिवारचं. दुसरी फळी ओळखीच्या बिघाडाविरुद्ध उभी होती. तक्ता वापरणाऱ्या शेवटच्या यंत्राने ‘यात ती ठरावीक चूक आहे का’ एवढंच विचारून भागत नाही. ‘आत्तापर्यंत नीट पोचणाऱ्या विनंत्या या नव्या तक्त्यानेही पोचतील का’ हे त्याने आधी पडताळावं. उत्तर नाही असेल, तर जुना तक्ता सोडू नये. ही तपासणी बिघाडाचं रूप आधी माहीत असण्यावर अवलंबून नसते.