दुधाचा दात एक जास्त

आपल्याकडे अधिक महिना आला की जावयाला बोलावून अनारसे वाढतात. अधिक दात आला की मात्र घरात कुजबुज सुरू होते. दोन-अडीच वर्षांचं पोर खदखदून हसतं, आई सहज मोजते, आणि वरच्या समोरच्या दातांत चाराऐवजी पाच दिसतात. मग कोणी म्हणतं, भाग्याचं लक्षण आहे. कोणी म्हणतं, मामाला जड जाणार. पोराला यातलं काहीच ठाऊक नसतं. ते आपलं भाकरीचा तुकडा चघळत असतं.

ही कुजबुज आजची नाही, आणि आपल्याच गावची नाही. इसवी सनाच्या पहिल्या शतकात रोम शहरी थोरला प्लिनी नावाचा लेखक होऊन गेला. त्याने दात घेऊनच जन्मलेल्या माणसांची हकीकत लिहून ठेवली आहे. एक होता मानियुस कुरियुस. त्याला दातांवरून ‘डेंटाटुस’, म्हणजे दातवाला, असं नाव पडलं. पुढे तो मोठा सेनापती झाला. इ. स. पूर्व 275 मध्ये पिऱ्हस राजाशी झालेल्या लढाईत रोमचं सैन्य त्याच्याच हाताखाली होतं. दुसरी होती व्हॅलेरिया नावाची मुलगी. तिच्याही तोंडात जन्मतः दात होते. पण शकुन पाहणाऱ्यांनी सांगितलं, ही ज्या गावी जाईल त्या गावाचा नाश होईल. तेव्हा त्या बाळाला सुएसा पोमेशिया या दुसऱ्याच गावी धाडून देण्यात आलं.

आता तुम्हीच पाहा. खूण एकच. मुलाला त्यावरून नाव मिळालं आणि मुलीच्या वाट्याला वनवास आला. दोष दातात होता की बघणाऱ्याच्या डोळ्यांत?

आपल्या ग्रंथांतही दोन्ही सूर ऐकू येतात. बालकांच्या वैद्यकाचा जुना ग्रंथ काश्यपसंहिता. दात घेऊन जन्माला येणं, वरचे दात आधी येणं, यांना त्यात अमंगळ म्हटलं आहे. पण सुश्रुतसंहिता उघडा. तिथे हिरड्यांच्या रोगांत ‘वर्धन’ नावाचा एक विकार सांगितला आहे: वायूमुळे जास्तीचा दात येतो, येताना फार ठणकतो, आणि एकदा वर आला की कळ थांबते. काही अभ्यासकांच्या मते ही अक्कलदाढच असावी. ते काही असो, उपाय मात्र सरळ वैद्याचा आहे. अधिक दात उपटावा, जागेवर डाग द्यावा, आणि पुढे किडक्या दाताप्रमाणे उपचार करावा. वायूचं कारण आज आपण मानत नाही, डागही देत नाही. पण शरीरातल्या गोष्टीचं कारण शरीरातच शोधायचं, ही त्यातली दृष्टी आजही कामाची आहे.

रोममधलाच सेल्सस हा लेखक याच वाटेने गेला. पहिला दात पडण्याआधीच दुसरा उगवला, तर पहिला सोडवून काढावा, आणि नवा दात रोज बोटाने हलके दाबत जागेवर आणावा, असं त्याने लिहिलं. दुहेरी दातांची रांग पाहून तो ज्योतिषाकडे गेला नाही.

पण या सगळ्यांची एक अडचण होती. हिरडीच्या आत काय दडलं आहे, ते कोणालाच दिसत नव्हतं. 1895 साली राँटगेन यांनी क्ष-किरण शोधले. त्यानंतर काही आठवड्यांतच, 1896 च्या जानेवारीत, जर्मनीतील ऑटो वाल्कहॉफ यांनी दातांचं क्ष-किरण चित्र घेतलं. तेवढ्यासाठी सुमारे 25 मिनिटं लागली. आज तेच काम क्षणात होतं.

मग आपण काय करावं? आधी नीट मोजावं. दुधाचे दात 20 असतात, वर 10 आणि खाली 10. प्रत्येक ओळीत समोर चार, दोन सुळे आणि चार दाढा. याहून जास्त दिसला तर घाबरू नये, आणि घरी दोरा बांधून ओढूही नये. कधी दोन दात एकमेकांना जुळलेले असतात आणि तेही वेगळेच दिसतात. दंतवैद्य पाहून सांगतील. पुष्कळदा असा दात तसाच ठेवतात. तो इतर दुधाच्या दातांसारखा वेळ आली की पडतो. दोन दातांच्या फटीत अन्न अडकून कीड लागते, म्हणून तिथे घासण्याची काळजी जास्त घ्यावी. दात इतरांच्या वाटेत येत असेल तरच काढतात. नवजात बाळाचा दात फार हलत असेल, तर मात्र उशीर करू नये. तो निसटून श्वासनलिकेत जाण्याची भीती असते.

आणखी एक गोष्ट. दुधाचा दात जास्तीचा असला, तर पुढे कायमच्या दातांतही जास्तीचा असण्याचा संभव बराच असतो. म्हणून सहाव्या-सातव्या वर्षी पुन्हा दाखवावं.

शिक्षकांना एक विनंती आहे. पहिलीच्या वर्गात असं एखादं मूल असेल, तर त्याला ‘दातऱ्या’ म्हणून चिडवू देऊ नका. दात काही वर्षांत पडून जातो, पण चिकटलेलं नाव म्हातारपणापर्यंत पडत नाही.