तांडा एक, याद्या तीन

आमच्या जिंतूर तालुक्यात बंजाऱ्यांचे तांडे बरेच आहेत. पण पुण्यात आयटीतल्या मित्रांसमोर 'बंजारा' म्हटलं की त्यांना आरशांचा घागरा आणि होळीतला नाच, एवढंच आठवतं. इतिहास मात्र बराच मोठा आहे, राव!

हे लोक स्वतःला 'गोर' म्हणतात आणि बाकी आपण सगळे 'कोर'. लमाण हे नाव लवणावरून, म्हणजे मिठावरून पडलं असं सांगतात. बैलांच्या पाठीवर मीठ-धान्य लादून देशभर फिरायचं, ही त्यांची लदेणी. थोडक्यात, त्या काळची लॉजिस्टिक्स इंडस्ट्रीच. मुघल फौजांना रसद त्यांनी पुरवली, आणि १८०३ मधे आपल्या शेजारच्या जालन्यात आसईची लढाई झाली त्या मोहिमेत वेलस्लीलाही.

मग रेल्वे आली. १९०० च्या सुमारास परभणीवरून मनमाड-हैदराबाद गाडी धावू लागली, तोवर बैलांचा धंदा मोडलाच होता. वर १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा. अनेक भागांत बंजाऱ्यांवर जन्मजात गुन्हेगाराचा शिक्का बसला. कायदा रद्द झाला १९५२ मधे, म्हणजे स्वातंत्र्यानंतर पाच वर्षांनी!

खरी गंमत (की शोकांतिका?) पुढे आहे. १९५६ मधे निजामाच्या जुन्या हैदराबाद राज्याचे तीन तुकडे झाले. बोली तीच, सेवालाल महाराज तेच, सोयरीकही सीमेपलीकडे. पण आज तेलंगणात ते अनुसूचित जमातीत, कर्नाटकात अनुसूचित जातीत आणि आपल्याकडे विमुक्त जातीत. म्हणजे एकच रेकॉर्ड, तीन टेबलांत तीन वेगळ्या टाइपने साठवलेलं.

वसंतराव नाईकांसारखा मुख्यमंत्री (१९६३ ते १९७५) याच समाजाने दिला. तरी आजही मराठवाड्यातले कितीतरी तांडे दिवाळीच्या आसपास ऊसतोडीला रिकामे होतात. सप्टेंबर २०२५ मधे मराठा आरक्षणासाठी सरकारने हैदराबाद गॅझेटिअरचा आधार घेतला, तेव्हा बंजाऱ्यांनीही त्याच पुस्तकावर बोट ठेवून मोर्चे काढले. आदिवासी संघटनांनी विरोध केला. त्यांचीही भीती खरी आहे, आहे त्याच जागांत वाटेकरी वाढणार.

मला वाटतं, कुठली यादी बरोबर हे कोर्ट आणि सरकार ठरवेल. पण आपण कोण, हे गोर लोकांना कुठल्याही यादीआधी माहीत होतं. ते टिकलंय बोलीत. आणि तांड्यातलं पोर पहिलीत जातं तेव्हा बाईंचं पुस्तक मराठीत असतं. घरची गोरबोली शाळेच्या दाराबाहेर थांबते. माझ्या मते आरक्षणाइतकीच ही गोष्टही मोर्चा काढण्यासारखी आहे.