निजून उचललेला भार

बळाची परीक्षा पायांवर उभें राहूनच द्यावयाची, अशी आपल्या तालमींतली समजूत. इतिहास निराळें सांगतो. १९४८ सालीं डॉ. लुडविग गुट्टमन यांनीं इंग्लंडांत जखमी सैनिकांचे सामने भरविले. १९६४ सालीं टोकियोस पाठीचा कणा दुखावलेल्या पुरुषांसाठीं भारोत्तोलन आलें: बांकावर उताणें निजून भार वर रेटावयाचा. स्त्रियांना मात्र २००० सालच्या सिडनीपर्यंत थांबावें लागलें. २००४ सालीं अथेन्सला पोलिओग्रस्त राजिंदरसिंग राहेलू यांनीं ५६ किलोंच्या गटांत १५७.५ किलो उचलून भारतास कांस्यपदक मिळवून दिलें. आमच्या परभणीकडे पायांनीं अधू मुलगा आखाड्याच्या कडेला बसून इतरांचें बळ पाहतो. त्याला आंत बोलावण्यास दयेची गरज नाहीं. एक भक्कम बांक आणि एक जाणता वस्ताद पुरे.