अंगणात फुल रेंज, घरात फोन लागेना. दोष टॉवरचा की भिंतीचा?

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. रात्री दीडच्या सुमारास आमच्या वडिलांना अचानक दम लागला. माजघरातूनच १०८ नंबर लावला, तर फोन नुसता फिरत राहिला. तीनदा लावला, तीनदा कट झाला. शेवटी पावसातच ओट्यावर आलो, तिथं पहिल्याच झटक्यात लागला. गाडी आली, वडील बरे झाले. पण ओटा आणि माजघर यात अंतर किती, तर जेमतेम पंधरा पावलं. तेवढ्यात रेंज जाते कुठं, हा प्रश्न डोक्यात राहिला.

हा अनुभव एकट्याचा नाही. रेशन दुकानदार अंगठ्याचं मशीन घेऊन दारात येतो, बँकेचा ओटीपी बघायला बाया गच्चीवर जातात. सगळे टॉवरला शिव्या देतात. पण बऱ्याच वेळा टॉवर ठीक असतो, अडवतं ते आपलंच घर.

रेंज म्हणजे नक्की काय?

मोबाईलची रेंज म्हणजे रेडिओ लहरी. उजेडासारख्याच, फक्त डोळ्यांना दिसत नाहीत. दारं-खिडक्या लावून घेतल्या की माजघरात अंधार होतो, तसंच काहीसं रेंजचं होतं. फरक एवढाच की भिंतीतून उजेड अजिबात जात नाही, या लहरी थोड्या जातात. किती जातात ते भिंत कशाची आहे यावर ठरतं.

पत्रा : धातूवर आपटून लहरी माघारी फिरतात. छपरावर पत्रा असला तर वरून काहीच येत नाही, जे येतं ते दार-खिडकीतून. चारी बाजूंनी पत्र्याचं शेड असेल तर आत जवळपास अंधारच.

स्लॅब आणि काँक्रीट : जाड काँक्रीट लहरी शोषून घेतं आणि आतल्या सळयांची जाळी काही परतवते. म्हणून दुमजली घरात खालच्या मधल्या खोलीत रेंज सगळ्यात कमी मिळते.

जुनं मातीचं, दगडाचं घर : दीड-दोन हात जाड भिंत आणि वर माळवद. लहरींना जाडी कापत जावं लागतं, तेवढी ताकद संपते. पावसाळ्यात भिंती ओल धरतात आणि पाणी या लहरी चांगलंच शोषतं. म्हणून उन्हाळ्यात लागणारा फोन श्रावणात लागत नाही. घराभोवती दाट, ओली झाडं असतील तर तीही थोडी रेंज खातात.

साध्या विटांची भिंत यापेक्षा बरीच बरी.

काड्या दिसतात तरी फोन का लागत नाही?

काड्या दाखवतात ते टॉवरचा आवाज आपल्या फोनपर्यंत किती येतो ते. पण बोलणं दोन्हीकडून व्हावं लागतं. टॉवरवरच्या यंत्राची ताकद वीस-चाळीस वॅट किंवा त्याहून जास्त. आपल्या फोनची ४जी वर जास्तीत जास्त ताकद सुमारे पाव वॅट, म्हणजे ०.२ च्या आसपास. टॉवर स्पीकरवर बोलतो आणि आपण शेताच्या पलीकडून नुसत्या तोंडानं हाक मारतो, असा हा प्रकार. मधे जाड भिंत आली की आपली हाक टॉवरला पोचत नाही. फोन मग सगळा जोर लावतो, गरम होतो आणि बॅटरी लवकर उतरते.

५जी आलं तरी घरात अडचण

लहरींचे पट्टे वेगवेगळे असतात. ७००, ८५०, ९०० मेगाहर्ट्झचे खालचे पट्टे लांब जातात आणि भिंतीतूनही बऱ्यापैकी आत शिरतात. १८००, २१००, २३०० चे त्याहून कमी. ५जी साठी वापरला जाणारा ३५०० च्या आसपासचा पट्टा वेगवान आहे, पण भिंतीपुढं लवकर थकतो. म्हणून एकाच घरात एका कंपनीचं सिम चालतं आणि दुसऱ्याचं नाही. कोणता पट्टा आपल्या टॉवरवर आहे आणि टॉवर किती लांब आहे, यावर ते अवलंबून.

घर किती रेंज खातं, स्वतः मोजा

अँड्रॉइड फोनमध्ये सेटिंग्ज, मग अबाउट फोन, मग सिम स्टेटस इथं सिग्नल स्ट्रेंथ दिसते. काही फोनमध्ये नावं थोडी वेगळी असतात. आकडा उणे असतो आणि पुढं डीबीएम लिहिलेलं असतं. ४जी साठी उणे ८० ते ९० म्हणजे चांगली रेंज, उणे १०० म्हणजे कामचलाऊ, उणे ११० च्या पुढं गेलं की फोन तुटायला लागतो.

आधी अंगणात बघा, मग माजघरात. अंगणात उणे ९२ आणि आत उणे ११२ आलं तर फरक २० चा. दिसायला छोटा, पण हिशेब असा आहे की दर १० ला ताकद दहावा हिस्सा उरते. २० चा फरक म्हणजे शंभरावा हिस्सा. अंगणातच उणे ११५ असेल तर मात्र दोष घराचा नाही, टॉवर लांब आहे किंवा मधे डोंगर आहे. आणि लाईट गेल्यावर अंगणातलीही रेंज जात असेल तर टॉवरची बॅटरी टिकत नाही, असं समजा.

काय करता येईल?

१. घरात आकडा सगळ्यात चांगला कुठं येतो ती जागा शोधा. बहुतेक वेळा ती टॉवरच्या बाजूची खिडकी असते. रात्री फोन तिथंच ठेवा आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसांना, पोरांना ती जागा दाखवून ठेवा.

२. खिडकीतल्या फोनचं हॉटस्पॉट चालू केलं तर आतल्या फोनवरून व्हॉट्सॲप कॉल करता येतो.

३. घरात वायफाय असेल तर सेटिंग्जमध्ये वायफाय कॉलिंग चालू करा. फोन आणि कंपनी दोन्हीकडं ती सोय असेल तर साधा कॉल वायफायवरून जातो.

४. ५जी सारखं येत-जात असेल तर नेटवर्क ४जी वर ठेवून बघा.

५. सिम बदलण्याआधी शेजाऱ्या-पाजाऱ्यांचे फोन आपल्या माजघरात आणून आकडा बघा. दुकानातल्या जाहिरातीपेक्षा हे खरं.

६. नवीन पत्रे टाकताना मधे एखादा फायबरचा पारदर्शक पत्रा टाका. उजेडही येतो आणि रेंजही.

७. बाजारात मिळणारे रेंज बूस्टर परवानगीशिवाय बसवू नका, ते बेकायदा आहे. एका घरातल्या बूस्टरमुळं टॉवरवर गोंधळ होऊन अख्ख्या वस्तीचे फोन बिघडू शकतात.

८. अंगणातही रेंज नसेल तर १९८ वर कंपनीकडं तक्रार करा आणि तक्रार क्रमांक लिहून ठेवा. त्यावर समाधान झालं नाही तर कंपनीकडंच अपील करता येतं. जवळचा टॉवर कुठं आहे ते सरकारच्या तरंग संचार पोर्टलवर बघता येतं.

एक शेवटचं. अडचणीच्या वेळी आपल्या सिमची रेंज नसेल तर ११२ लावा. दुसऱ्या कंपनीची रेंज तिथं असेल तर बहुतेक फोन हा कॉल त्या नेटवर्कवरून लावायचा प्रयत्न करतात. तरीही नाहीच लागला तर आत बसून पुन्हा पुन्हा लावण्यात वेळ घालवू नका, सरळ ओट्यावर या. आमच्या घरात आता खिडकीजवळ एक फळी ठोकली आहे. रात्री फोन तिथंच असतो, आणि ते वडिलांनाही माहीत आहे.