साक्ष आणि चिकित्सा : लुई आर्मस्ट्राँगची चरित्रे

संगीतकाराच्या चरित्राकडून अभ्यासकाच्या दोन अपेक्षा असतात. जीवनाचा तपशील विश्वसनीय असावा आणि त्या तपशिलातून संगीताचे आकलन वाढावे. या अपेक्षा परस्परपूरक वाटल्या तरी एकाच ग्रंथात त्या क्वचित पूर्ण होतात, कारण त्यांच्यामध्ये तिसरा एक प्रश्न उभा असतो : चरित्रनायकाने स्वतःविषयी जे सांगून ठेवले आहे, त्याचे चरित्रकाराने काय करावे? अमेरिकन जॅझवादक लुई आर्मस्ट्राँग (1901–1971) याच्या चरित्रांचा इतिहास हा मुख्यतः या प्रश्नाला मिळालेल्या उत्तरांचा इतिहास आहे. त्यांपैकी कोणती चरित्रे वाचण्याजोगी, हेही त्या उत्तरांवरूनच ठरते.

आर्मस्ट्राँग हा ट्रम्पेटवादक आणि गायक होता, तसाच तो लेखकही होता. शालेय शिक्षण अल्प असूनही दौऱ्यांवर टंकलेखनयंत्र सोबत बाळगून त्याने विपुल पत्रे व आठवणी लिहिल्या. मात्र हे लेखन वाचकांपर्यंत पोहोचले ते इतरांच्या हातून संस्कारित होऊन. 1936 साली त्याच्या नावावर निघालेल्या ‘स्विंग दॅट म्युझिक’वर परक्या लेखणीची छाया दाट आहे. 1954 मधील ‘सॅचमो : माय लाइफ इन न्यू ऑर्लिन्स’ हे बव्हंशी त्याचेच असले तरी त्यातील भाषा संपादनात प्रमाण वळणावर आणली गेली. 1999 साली टॉमस ब्रदर्स यांनी संपादिलेल्या ‘लुई आर्मस्ट्राँग, इन हिज ओन वर्ड्‌स’ या संग्रहात त्याची स्वैर विरामचिन्हे आणि अक्षररचना बऱ्याच अंशी राखली गेली. बोलण्याची लय कागदावर उतरविण्याचा त्याचा प्रयत्न तेव्हा कुठे दिसू लागला. संहिता शुद्ध करण्याच्या व्यवहारात लेखकाचा आवाजच पुसला जातो, याचे हे बोलके उदाहरण होय.

साक्षीची चिकित्सा कशी चुकते, हे त्याच्या जन्मतारखेच्या वादातून दिसते. आर्मस्ट्राँग आपला जन्म 4 जुलै 1900 चा सांगे. शतकाचा आरंभ आणि अमेरिकेचा स्वातंत्र्यदिन यांचा हा योग संशयास्पद होताच. जेम्स लिंकन कोलिअर यांनी 1983 च्या चरित्रात ही तारीख नाकारली आणि जन्म त्याही आधीचा असावा असा तर्क केला. पुढे संशोधक टॅड जोन्स यांना न्यू ऑर्लिन्समधील चर्चच्या बाप्तिस्मा-नोंदवहीत 4 ऑगस्ट 1901 ही तारीख सापडली. गॅरी गिडिन्स यांनी 1988 च्या ‘सॅचमो’ या पुस्तकात ती प्रसिद्ध केली. कोलिअर यांचा संशय योग्य होता, त्याची दिशा चुकीची होती. कागदाचा आधार नसलेला संशय हाही एक कल्पनाविलासच ठरतो.

कोलिअर यांच्या ग्रंथाचा खरा दोष याहून खोल आहे. लोकांच्या पसंतीसाठी आसुसलेला, असुरक्षित मनाचा प्रतिभावंत असे चरित्रनायकाचे चित्र त्यांनी रेखाटले आणि उत्तरायुष्यातील कारकीर्द ही प्रतिभेची उधळपट्टी ठरविली. या मांडणीत साक्षीदाराचा रुग्ण होतो. त्याचे शब्द ऐकण्यासाठी उरत नाहीत, फक्त निदानासाठी उरतात.

याउलट, परस्परविसंगत साक्षी हाताळण्याची संधी कॉर्नेटच्या कथेत मिळते. 1954 च्या पुस्तकात वादनाचे शिक्षण अनाथ मुलांच्या सुधारगृहाशी आणि तेथील पीटर डेव्हिस या शिक्षकाशी जोडलेले आहे. 1912 च्या अखेरच्या रात्री पिस्तूल झाडल्यामुळे आर्मस्ट्राँगची तेथे रवानगी झाली होती. 1969 साली रुग्णालयात लिहू घेतलेल्या आठवणींत मात्र कार्नोफ्स्की या ज्यू कुटुंबाच्या मदतीने गहाणवटीच्या दुकानातून आधीच घेतलेला कॉर्नेट येतो. ही आठवण त्याचा ज्यू व्यवस्थापक जो ग्लेझर याला अर्पण केलेली आहे; ग्लेझर त्याच वर्षी वारला. यांतील खरे कोणते, एवढेच विचारणारा चरित्रकार अर्ध्यावर थांबतो. कोणती गोष्ट केव्हा, कोणाला उद्देशून आणि कोणत्या ऋणाच्या जाणिवेतून सांगितली, हे विचारणारा पुढे जातो.

त्याच्या हास्याबाबत हा प्रश्न अधिकच तीव्र होतो. गोऱ्या प्रेक्षकांपुढे लाचार हसणारा, असा आरोप त्याच्यावर कृष्णवर्णीयांच्या तरुण पिढीतून झाला. परंतु 1957 साली लिटल रॉक येथे कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना शाळेत जाण्यापासून रोखले गेले, तेव्हा त्याने राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांची उघड निर्भर्त्सना केली आणि सरकारपुरस्कृत सोव्हिएत दौऱ्यावर जाण्यास नकार दिला. त्याचा संग्रह क्वीन्स कॉलेजात 1994 पासून अभ्यासकांना खुला झाला. घरी आणि दौऱ्यांवर त्याने केलेल्या ध्वनिफितींतून रंगमंचाबाहेरचा संतप्त, रोखठोक माणूस ऐकू येऊ लागला. टेरी टीचआउट यांचे ‘पॉप्स’ (2009) या सुमारे 650 फितींचा आधार घेते. रिकी रिकार्डी यांनी तर 2011, 2020 आणि 2025 अशा तीन खंडांत हे आयुष्य उलट्या क्रमाने लिहिले : प्रथम उत्तरकाळ, मग मधला काळ, शेवटी बालपण व उमेदवारी. ज्या काळाला अवनती म्हणून बाजूला सारले गेले होते, तेथूनच आरंभ करणे ही एक समीक्षात्मक भूमिकाच आहे. या लेखनात ममत्व कधी वकिलीकडे झुकते, हे नोंदवावे लागेल.

संगीताच्या आकलनाची दुसरी अपेक्षा सर्वाधिक पुरी होते ती ब्रदर्स यांच्या 2006 व 2014 च्या ग्रंथांत. चर्चमधील सामूहिक गायन, रस्त्यावरील मिरवणुकांचे बँड आणि मळ्यांवरून शहरात आलेल्यांचे ब्लूज यांतून आर्मस्ट्राँगची घडण ते दाखवितात. त्यामुळे 1928 च्या ‘वेस्ट एंड ब्लूज’चा आरंभीचा एकल ट्रम्पेट हा निव्वळ दैवी चमत्कार राहत नाही, त्यामागची परंपरा कळते. येथे व्यक्ती कधीकधी परिसरात विरते, ही या पद्धतीची मर्यादा.

म्हणून अभ्यासकाने आधी 1999 चा संग्रह वाचावा, मग घडणीसाठी ब्रदर्स आणि उत्तरायुष्यासाठी रिकार्डी. एकाच खंडात समग्र जीवन हवे असल्यास टीचआउट पुरेसे आहेत. कोलिअर टाळू नयेत. एका पिढीने या कलावंताकडे कसे पाहिले, याचे ते साधन आहे. कृष्णवर्णीय कलावंताला वाजविता येते, पण स्वतःविषयी विचार करता येत नाही, हा समज या चरित्रांच्या इतिहासात दीर्घकाळ टिकून होता. तो समज जेथे गळून पडतो, तेथेच चरित्रनायकाची साक्ष आणि चरित्रकाराची चिकित्सा यांचा खरा संवाद सुरू होतो.