प्रयोगशाळेत निर्णय कोणी घ्यायचा?

पदवीच्या पहिल्या वर्षाचे रसायनशास्त्राचे प्रात्यक्षिक म्हटले की ब्युरेट, पिपेट, फिनॉल्फथॅलिन आणि सी.बी.आर. (स्थिर ब्युरेट वाचन) ठरलेलेच. वाचने जुळली की गणित करायचे, जर्नल लिहायचे, सही घ्यायची. कृती छापील असते आणि अपेक्षित उत्तर आधीच्या तुकडीकडून कळलेले असते. यातून हात तयार होतो, हे मान्यच. ब्युरेटची तोटी थेंबाथेंबाने सोडणे नुसते पाहून येत नाही. पण काय मोजायचे, किती घ्यायचे, कोणत्या आकड्यावर विश्वास ठेवायचा हे रसायनतज्ज्ञाचे खरे काम कृती लिहिणाऱ्याने आधीच उरकलेले असते.

डॅनियल डोमिन यांनी १९९९ मध्ये प्रयोगशाळेतील अध्यापनाच्या चार शैली तीन कसोट्यांवर वेगळ्या केल्या: निष्पत्ती आधी ठाऊक आहे का, विचार तत्त्वाकडून निरीक्षणाकडे जातो की निरीक्षणाकडून तत्त्वाकडे, आणि कृती कोण ठरवतो. रूढ प्रात्यक्षिकात निष्पत्ती ठाऊक, तत्त्व आधी, कृती हाती दिलेली. मुक्त अन्वेषणात तिन्ही गोष्टी उलट. मार्गदर्शित शोध आणि समस्याधारित पद्धत यांच्या जागा मधल्या. मला तिसरी कसोटी सर्वांत मोलाची वाटते, कारण ती बदलायला नवे उपकरण लागत नाही.

व्हिनेगरचेच उदाहरण घेऊ. बाटलीवर ४ टक्के ॲसेटिक आम्ल लिहिले आहे. ते खरे आहे का, एवढाच प्रश्न द्यावा. हे द्रावण साधारण ०.६७ मोलर असते. विद्यार्थ्याने १० मिली व्हिनेगर तसेच घेतले, तर ०.१ मोलर सोडियम हायड्रॉक्साइड सुमारे ६७ मिली लागते आणि ५० मिलीची ब्युरेट मध्येच रिकामी होते. दहापट विरल करून १० मिली घेतले, तर जेमतेम ६.७ मिली लागते, वाचनात ०.१ मिलीची चूक झाली की उत्तर दीड टक्क्याने हलते. त्याच विरल द्रावणाचे २५ मिली घेतले, तर तीच चूक ०.६ टक्क्यावर येते. विरलीकरण का करायचे आणि किती, हे आता पाठ करावे लागत नाही. दर्शकाचेही तसेच. मिथिल ऑरेंज निवडणाऱ्याला स्पष्ट अंत्यबिंदू सापडतच नाही. रंग हळूहळू पालटतो आणि उत्तर निम्म्याहूनही कमी येते. ॲसेटिक आम्लाचा समतुल्य बिंदू पीएच ८.७ च्या आसपास असतो, हे वाक्य त्या दिवशी त्याला कळते. शिवाय सोडियम हायड्रॉक्साइड हवेतला ओलावा आणि कार्बन डायऑक्साइड शोषते. म्हणून ते आधी प्रमाणित करायला हवे, ही अडचणही त्याच्यासमोर आपोआप येते.

मात्र सगळेच मोकळे सोडणे मला पटत नाही. ग्लासगोचे ॲलेक्स जॉन्स्टन यांनी दाखवले की प्रयोगशाळेत उपकरण, सूचना, सिद्धान्त, निरीक्षण आणि नोंद यांचा भार एकाच वेळी कार्यस्मृतीवर पडतो. भार मावला नाही की विद्यार्थी विचार सोडतो आणि पाककृतीसारखी कृती उरकतो. म्हणून पिपेट अजून हातात न बसलेल्या मुलांकडून पहिल्याच आठवड्यात आराखडा मागणे अन्यायाचे आहे. कौशल्य आधी, मग एक निर्णय, नंतर दोन, असा क्रम हवा. पूर्वतयारीचा तास याचसाठी: त्यात विद्यार्थ्याने आपला आराखडा आणि अपेक्षित वाचन लिहून आणावे आणि शिक्षकाने सुरक्षिततेच्या दृष्टीने ते तपासल्याशिवाय बाटलीचे झाकण उघडू नये.

जर्नलही बदलावे लागेल. कॅरोलिन कीज, ब्रायन हँड आणि सहकाऱ्यांनी मांडलेल्या लेखनपद्धतीत उद्दिष्ट, साहित्य, कृती, निष्कर्ष या साच्याऐवजी माझा प्रश्न काय, मी काय पाहिले, माझा दावा कोणता, त्याला पुरावा कोणता, इतरांच्या दाव्यांशी तो कसा जुळतो, असे विचारले जाते. शेवटच्या प्रश्नासाठी तुकडीतल्या सर्वांची उत्तरे फळ्यावर मांडली तर पुरते.

अडचण गुणांपाशी येते. अपेक्षित आकड्याच्या जवळ जाण्याला गुण असतील, तोवर वाचने जुळवून लिहिली जाणारच. त्यात मुलांना दोष देता येत नाही. बारकाईने मोजण्याचे गुण राहोतच. पण फळ्यावर ज्याचे उत्तर सर्वांपासून दूर पडले आणि ज्याने मिथिल ऑरेंजकडे बोट दाखवून ते का दूर पडले हे पीएचच्या आधारे लिहिले, त्याला पूर्ण गुण मिळण्याची तरतूद गुणपत्रकात आधीच छापलेली असावी.