कलम ६९० : सौर वीजसंचांसाठी विद्युत संहितेचे प्रशिक्षण

अमेरिकेत सौर वीजसंच बसवणारे वीजतंत्री, त्यांचे पर्यवेक्षक, आराखडे करणारे अभियंते आणि काम तपासून मंजुरी देणारे निरीक्षक यांना तेथील राष्ट्रीय विद्युत संहितेतील तरतुदी शिकवणारे व्यावसायिक प्रशिक्षण. ही संहिता १८९७ मध्ये प्रथम निघाली. राष्ट्रीय अग्निसंरक्षण संघटना, म्हणजे एनएफपीए, ती दर तीन वर्षांनी सुधारून प्रसिद्ध करते. सौर विजेचे कलम ६९० तिच्यात १९८४ च्या आवृत्तीपासून आहे. त्याच्या जोडीने अर्थिंगचे कलम २५०, ग्रिडशी जोडणीचे कलम ७०५ आणि २०१७ पासूनचे वीजसाठवणुकीचे कलम ७०६ शिकवले जाते. विजेच्या वापरातून उद्भवणाऱ्या धोक्यांपासून माणसे आणि मालमत्ता वाचवणे हा संहितेचा मूळ हेतू आहे, आणि चांगला प्रशिक्षक प्रत्येक उपकलम त्या हेतूशी जोडून सांगतो.

हे प्रशिक्षण नवख्यांपेक्षा मुरलेल्या वीजतंत्र्यांना अधिक लागते. त्यांचा हात एसी विजेवर बसलेला असतो. मेन स्विच पाडला की पुढची तार निर्जीव, हा त्यांचा वर्षानुवर्षांचा अनुभव. छपरावरचे पॅनेल मात्र उजेड आहे तोवर वीज बनवतच राहते. खालचा स्विच बंद केला तरी पॅनेलपासून त्या स्विचपर्यंतची तार जिवंत राहते. दुसरा फरक ठिणगीचा. अमेरिकेतील एसी प्रवाह सेकंदाला १२० वेळा शून्यावर येतो, त्यामुळे ठिणगी विझायला वाव मिळतो. डीसी प्रवाहाला असा विसावा नाही. सैल जोडणीत एकदा पेटलेली ठिणगी जळत राहते. म्हणूनच २०११ च्या आवृत्तीने ८० व्होल्ट व त्यावरील संचांना ठिणगी ओळखून मंडल तोडणारी यंत्रणा सक्तीची केली. तिसरी गोष्ट सर्वांत फसवी आहे. पॅनेलचा लघुमंडल प्रवाह त्याच्या नेहमीच्या प्रवाहापेक्षा थोडाच जास्त असतो. तारा एकमेकींना चिकटल्या की फ्यूज उडेलच, या भरवशावर इथे राहता येत नाही.

वर्गातला बराचसा वेळ आकडेमोडीत जातो. थंडीत पॅनेलचा व्होल्टेज वाढतो, हे पुष्कळांना उलटे वाटते. समजा, २५ अंश सेल्सिअसला एका पॅनेलचा खुल्या मंडलाचा व्होल्टेज ४० आहे आणि तापमान एका अंशाने उतरले की तो ०.२८ टक्क्यांनी वाढतो. अशी १४ पॅनेले एका माळेत जोडली तर बेरीज ५६० व्होल्ट होते. एक-दोन कुटुंबांच्या घरासाठी मर्यादा ६०० व्होल्टची, त्यामुळे कागदावर सारे ठीक दिसते. पण पारा उणे २० पर्यंत उतरणाऱ्या गावी पहाटे हाच आकडा ६३० वर जातो. तिथे माळ १३ पॅनेलांचीच हवी. प्रवाहाचा हिशेबही असाच सावधपणाचा आहे. ढगाच्या कडेवरून उसळून आलेल्या प्रकाशासाठी लघुमंडल प्रवाहाला १.२५ ने गुणायचे, तासन्‌तास अखंड वाहणाऱ्या प्रवाहासाठी पुन्हा १.२५ ने. म्हणजे ११ अँपिअरच्या पॅनेलसाठी तार आणि फ्यूज साधारण १७.२ अँपिअर धरून निवडायचे. बाजारात मिळणारा त्यापुढचा फ्यूज २० चा.

प्रशिक्षणात वारंवार येणारे उदाहरण कॅलिफोर्नियातील बेकर्सफील्डचे आहे. ५ एप्रिल २००९ रोजी तेथील एका मोठ्या दुकानाच्या छपरावर ३८३ किलोवॅटच्या संचाला आग लागली. त्या काळच्या पद्धतीनुसार संचाची एक बाजू फ्यूजमधून जमिनीला जोडलेली होती. कुठेही तार जमिनीशी जोडलेल्या धातूला टेकली, म्हणजे अर्थ दोष झाला, की फ्यूज वितळावा आणि इन्व्हर्टर थांबावा, अशी योजना होती. परंतु जमिनीशी जोडलेल्याच बाजूची बारीक तार कुठे धातूला टेकली, तर दोन्हींमध्ये व्होल्टेज जवळपास नसतोच. फ्यूजमधून जाणारा प्रवाह इतका अल्प असतो, की तो वितळत नाही. असा एक दोष कुणाच्या लक्षात न येता तिथे राहून गेला होता. मग दुसऱ्या बाजूच्या जाड केबलला दोष झाला. फ्यूज वितळला, इन्व्हर्टर थांबला, पण दोन दोषांमधून प्रवाहाची वाट पूर्ण झालेली होती आणि संचाचा प्रवाह त्या बारीक तारेवर येऊन पडला. यंत्रणेने तिला नेमून दिलेले काम केले, तरी आग लागली. सोलर एबीसीज या नावाने ओळखल्या जाणाऱ्या मंडळाने २०१२ मध्ये या उणिवेवर अहवाल काढला, आणि २०१४ च्या आवृत्तीने जमिनीशी जोडलेल्या तारांतले दोषही ओळखले गेलेच पाहिजेत असे ठरवले. केवळ नियम पाठ केलेल्या तंत्रज्ञाला तो का आला हे ठाऊक नसते, आणि छपरावर अडचण आली की तो नेमकी त्याच नियमाची पायरी गाळतो.

त्याच २०१४ च्या आवृत्तीत संचाच्या तारा झटपट निर्जीव करण्याची, म्हणजे शीघ्र बंदची, तरतूद आली. अमेरिकी अग्निशमन जवान धूर बाहेर काढण्यासाठी छपराला भोक पाडतात. जिवंत डीसी तारांमध्ये कुऱ्हाड चालवण्याची वेळ त्यांच्यावर येऊ नये, हा तिचा उद्देश. २०१७ मध्ये ती कडक झाली. बटण दाबल्यापासून ३० सेकंदांत संचाच्या हद्दीबाहेरचा व्होल्टेज ३० पर्यंत आणि हद्दीतला ८० पर्यंत उतरला पाहिजे. यामुळे खर्च वाढला, छपरावरची इलेक्ट्रॉनिक उपकरणे वाढली आणि व्यवसायात नाराजीही झाली. आगीत शिरणाऱ्या माणसाच्या बाजूने पाहिले, तर ही तरतूद योग्यच म्हणावी लागेल.

प्रत्यक्ष कामाच्या तासांत कनेक्टर बसवणे, लेबले लावणे, घरच्या वीजफलकातील बसबार या धातुपट्टीला सौर ब्रेकरचा भार पेलतो का ते तपासणे हे येते. दोन वेगळ्या कंपन्यांचे कनेक्टर एकमेकांत बसले, तरी तशी मान्यता नसेल तर जोडायचे नाहीत, यावर भर असतो.

या विषयाची पायाभरणी न्यू मेक्सिको राज्य विद्यापीठातील जॉन वाइल्स यांनी केली. ‘होम पॉवर’ मासिकातील त्यांच्या सदराने आणि सँडिया राष्ट्रीय प्रयोगशाळेने प्रसिद्ध केलेल्या त्यांच्या पुस्तिकेने एका पिढीला कलम ६९० वाचायला शिकवले. कोलोरॅडोतील पेओनिया येथील सोलर एनर्जी इंटरनॅशनल ही १९९१ मध्ये स्थापन झालेली संस्था आजही प्रत्यक्ष वर्ग चालवते. नॅबसेप ही संस्था व्यावसायिकांची परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देते. संहिता आपोआप कायदा होत नाही. प्रत्येक राज्य किंवा शहर ती आपल्या सवडीने स्वीकारते, त्यामुळे शेजारच्या दोन राज्यांत दोन आवृत्त्या लागू असू शकतात. परवान्याच्या नूतनीकरणासाठी अनेक राज्ये संहितेतील बदलांचे वर्ग सक्तीचे करतात.

भारतात केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे २०२३ चे सुरक्षा विनियम बंधनकारक आहेत, आणि २०१५ मध्ये सुरू झालेल्या ‘सूर्यमित्र’ अभ्यासक्रमातून सौर तंत्रज्ञ घडवले जातात. येथील छपरांवरची बहुतेक डीसी मंडले जमिनीशी जोडलेली नसतात. इन्व्हर्टर सकाळी सुरू होण्याआधी इन्सुलेशनचा रोध मोजतो आणि तो कमी भरला तर दोषाची सूचना देऊन बंदच राहतो. कोकणच्या पावसाळ्यात ओल्या कनेक्टरमुळे ही सूचना सकाळी येते आणि ऊन पडल्यावर निघून जाते. ती नुसती रिसेट न करता प्रत्येक माळ वेगळी करून मेगर या इन्सुलेशन मोजणाऱ्या उपकरणाने तपासायची, हे तंत्रज्ञाला शिकवावेच लागते.